खाणीची दुसरी वाट

आंबीच्या पलीकडं टेकडीच्या पोटात कैलासशेठची दगडखाण आहे. खोली एकशे ऐंशी फूट. खाली उतरायला एकच रस्ता होता, खाणीच्या कडेकडेनं गोल फिरत जाणारा, आणि गेल्या आषाढात तो भर दुपारी ढासळला. खाली बारा माणसं अडकली. त्यात येसूबाई होती आणि तिच्याजवळ आठवा महिना लागलेली ज्योत्स्ना होती. पाणी आधी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कमरेला लागलं. नऊ तासांनी लोणावळ्याची डोंगर चढणारी पोरं दोर घेऊन आली आणि त्यांनी एकेकाला वर ओढलं. ज्योत्स्नाला बांधताना दोर पोटाला काचू नये म्हणून येसूबाईनं आपला पदर फाडून तिला गुंडाळला. माणसं सगळी वाचली. हे नशीब म्हणायचं, खाणमालकाची अक्कल त्यात काही नव्हती.

दुसऱ्या दिवशी खाण सुरक्षेचे साहेब आले. त्यांनी वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं आणि खाणीला कुलूप लावलं. दुसरी वाट केल्याशिवाय दगड काढायला एक माणूस खाली उतरणार नाही, आणि ती एकतीस मेच्या आत झाली नाही तर परवाना रद्द, असं लिहून दिलं. त्रेचाळीस माणसांचं काम गेलं. कोणी तळेगावच्या कंपन्यांत ठेक्यावर गेलं, कोणी कार्ल्याच्या फाट्यावर मक्याची कणसं भाजायला बसलं. कैलासशेठ रोज खाणीच्या काठावर खुर्ची टाकून बसायचा आणि फोनवर सांगायचा, की हालचाल चालू आहे. हालचाल म्हणजे त्याच्या पायाची, एवढीच.

खरी हालचाल केली ती येसूबाईच्या लेकीनं. रुपालीनं सिव्हिलचा डिप्लोमा केला होता आणि तळेगावात सोसायट्यांच्या साईटवर दोन वर्षं ती लेव्हलचं मशीन लावत होती. तीन पायांवरची ती दुर्बीण. तिच्यातून पट्टीवरचे आकडे वाचले की जमिनीचा उंचसखलपणा बोटाच्या पेरापर्यंत कळतो. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी ती सरळ कैलासशेठच्या खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली.

"शेठ, टेकडीच्या पलीकडं ओढ्याच्या अंगाला जमीन खाणीच्या तळापेक्षा खाली आहे. मी मोजून आले. तळातून आडवा बोगदा मारला तर चौसष्ट मीटरवर माणूस बाहेर पडतो. चढायचं नाही, दोर नको. चालत."

"आन मारनार कोन त्यो?"

"आमचे आबा."

कैलासशेठचा हलणारा पाय थांबला. कारण तिच्या बापाचा, भिकाजीचा हात अख्ख्या मावळाला माहीत होता. चाळीस वर्षं त्यानं विहिरी खणल्या आणि एकही ढासळली नाही. त्याच्या बापानं गावची विहीर खणली होती आणि पाणी लागल्यावर त्याच विहिरीत त्याला पोहरा सोडू दिला नव्हता. म्हणून भिकाजीची सुरुवातीपासून एक अट असायची: विहिरीचं पहिलं पाणी मी पिणार, मग बाकीची दुनिया. ज्याला ही अट चालायची नाही त्यानं दुसरा गडी बघावा. दुसरा तसा गडी मिळायचा नाही, त्यामुळं सगळ्यांना चालायची.

नकाशावर सही मोठ्या माणसाची लागणार होती. पुण्याचे देवधरसाहेब उभ्या आयुष्यात बोगदेच करून निवृत्त झालेले. ते आले, रुपालीची मापं त्यांनी दोनदा तपासली, आणि म्हणाले, "नकाशा तूच काढ. चुकलं तर मी खोडीन."

तिनं नकाशा काढायला घेतला तो घराच्या भिंतीवर, खडूनं. रुंदी चार फूट, उंची साडेसहा. येसूबाई भाकरी थापता थापता बघत होती.

"ह्यातनं माणूस जाईल," ती म्हणाली. "खाली पडलेला कसा जाईल?"

"स्ट्रेचरवर."

"आनि ते धरणाऱ्याची कोपरं कुटं जातील?"

रुपालीनं खडू ठेवला. मग भाऊ विक्की आणि भिकाजी दोघांनी दाराची फळी काढली, येसूबाईला तिच्यावर निजवलं आणि खडूच्या दोन रेघांमधून चालून बघितलं. विक्कीचं कोपर भिंतीला घासलं. रुंदी साडेचार झाली.

"आन समोरून कोनी मदतीला आत आलं तर?" येसूबाई फळीवरूनच बोलली. "आन पोटुशी बाई आसली तर? तिला घासून जायचं का लोकांनी?"

"आये, बोगदा हाय, मंगल कार्यालय न्हाई," विक्की म्हणाला.

"तू नव्हतास तितं," येसूबाई म्हणाली.

 रुपालीनं रुंदी पाच फूट केली आणि दर पंधरा मीटरवर बाजूला सरकून उभं राहता येईल असा एकेक कोनाडा दिला. देवधरसाहेबांनी त्यातलं काहीच खोडलं नाही.

दगडाची निवड भिकाजीनं केली. खाणीच्या भिंतीत काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये पुरुषभर जाडीचा लाल थर होता, गेरूसारखा. लोणावळ्याच्या घाटात रस्त्याच्या कापात दिसतो तोच. कैलासशेठचं म्हणणं, त्या लालातूनच मारा, लोण्यासारखा कापला जाईल, दोन महिन्यांत मोकळं होऊ.

भिकाजीनं लाल मातीचं एक ढेकूळ काढलं आणि चहावाल्याच्या पाण्याच्या बादलीत टाकलं. चहा पिऊन होईतो ढेकळाचा चिखल झाला होता.

"कार्ल्याला एका बंगल्याच्या विहिरीत आसंच लाल लागलं हुतं," तो म्हणाला. "म्या म्हनलं, बांधून घ्या. न्हाई घेतलं. म्या काम सोडलं. दुसऱ्याकडनं पुरं केलं त्यांनी. वरसाच्या आत विहीर बुजली. लालाच्या खाली जायचं शेठ, काळ्यात. लालाचं आन छताचं अंतर चार फूट ऱ्हायला पायजे."

"एखाद्या महिन्याचा फरक पडंल."

"पडू द्या."

देवधरसाहेबांनी तेच सांगितलं, फक्त पाच पानांत सांगितलं.

ढासळलेला रस्ता आधी दुरुस्त करून घेतला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंनी काम सुरू झालं. खाणीच्या तळातून भिकाजीची टोळी: त्याचा जुना जोडीदार नथू आणि चार विहीरवाले. ओढ्याच्या बाजूनं बजरंगची टोळी. बजरंग गावातला जमीनदार शेतकरी, पण भात कापून झालं की घाटातल्या रस्त्याच्या बोगद्यावर तीन वर्षं काम केलेला. विक्की त्याच्या हाताखाली. दोन्ही टोळ्यांच्या मधे रुपाली, डोक्यावर पिवळं हेल्मेट, खांद्यावर मशीन. दोन टोळ्यांनी टेकडीच्या पोटात एकमेकांना गाठायचं आणि गाठ बरोबर पडायची, ही जबाबदारी एकट्या तिची.

बोगदा सपाट नव्हता. शंभर मीटरला एक मीटर असा उतार ओढ्याकडं द्यायचा होता, म्हणजे खाणीत पाणी भरलं तरी ते बोगद्यातून वाहून जाईल आणि माणसाच्या पायाखाली साचणार नाही. रुपालीनं हे पहिल्याच दिवशी दोन्ही टोळ्यांना दगडावर रेघ मारून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

कामाला लय आली. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा, ड्रिल खडकात शिरायचं, परवान्याचा सुरुंगवाला संदेश भोकं भरायचा, शिट्टी वाजायची, आणि टेकडी आतून एकदा खोकल्यासारखी हलायची. धूर बसला की पहार घेऊन सुट्टा दगड पाडायचा, मग ढिगारा ओढायचा. भिकाजी प्रत्येक सुरुंगानंतर आधी एकटा आत जायचा आणि पहारीच्या टोकानं छत ठोकत पुढं सरकायचा. खणखणीत वाजलं तर पुढं. भद्द वाजलं तर तो दगड पाडायचा. कॉम्प्रेसरवाल्यानं एकदा त्याचा व्हिडिओ काढला, तेव्हा भिकाजी म्हणाला, "आवाज येतोय का त्येच्यात? न्हाई तर काय उपेग."

गावात बजरंगची पोरं आणि विहीरवाले एकमेकांना डिवचायची संधी सोडत नव्हते. रोजचे मीटर बाजारभावासारखे चहाच्या टपरीवर जाहीर व्हायचे. पहिले पंधरा दिवस रुपाली रोज दोन्हीकडं लेव्हल लावत होती. पुढं बजरंगच्या बाजूला पाझर लागला, तिकडं तिचे दिवस जायला लागले. बापाच्या बाजूला ती फक्त छताला ओळंबे टांगून सरळ रेघ देऊन यायची. उतार बघायची नाही. आबांच्या हाताला काय तपासायचं, असं तिला वाटलं, आणि इथंच तिचं चुकलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी येसूबाई घरामागच्या दगडावर कपडे धूत होती. रुपाली डबा भरून निघाली होती.

"काल लालात शिरलं का गं तुमी?" येसूबाईनं सहज विचारलं.

"नाही. का?"

"तुझ्या आबाची बंडी बघ. तीन म्हैनं राखाडी पानी निघत हुतं. आज गेरू निघतोय."

रुपालीनं बंडी हातात घेतली. खांद्यावर आणि पाठीवर लालसर डाग होते. खांद्यावर म्हणजे वरून पडलेलं. तिनं डबा तिथंच ठेवला आणि मशीन घेऊन ती खाणीकडं निघाली, आणि तळात पोचेपर्यंत तिनं स्वतःलाच शिव्या घातल्या.

बोगद्याच्या तोंडाशी मशीन लावून ती नथूला पट्टी घेऊन आत पाठवत राहिली. पाच मीटर, दहा मीटर, पंधरा. प्रत्येक आकडा आधीपेक्षा वाईट होता. सव्वीस मीटरवर, बोगद्याच्या टोकाला, तळ तोंडापेक्षा सव्वीस सेंटीमीटर खाली असायला हवा होता. तो चोवीस सेंटीमीटर वर होता. अर्धा मीटर चूक. बोगदा ओढ्याकडं उतरत नव्हता, डोंगरात चढत होता. आणि वरचा लाल थरही तिथं दोनेक फूट खाली झुकलेला, त्यामुळं शेवटच्या सहा मीटरमध्ये छत आणि लाल यांत काळ्याचा पापुद्राच उरला होता, आणि टोकाशी कालच्या सुरुंगानं तोही फुटला होता. तिथून थेंब पडत होते.

असं कसं झालं हे तिला लगेच कळलं, आणि कळलं म्हणून जास्त लागलं. विहीरवाला विहिरीच्या पोटातून आडवं खणतो तेव्हा तळ नेहमी आत चढता ठेवतो, म्हणजे लागलेलं पाणी त्याच्या पायाकडून विहिरीत येतं आणि समोरचा खडक कोरडा राहतो. इथं उलटं करायचं होतं. पण पुढं उतरत गेलं की ड्रिलचं पाणी समोर साचतं, भोकं भरतात, काम अडतं. भिकाजीच्या हातानं चाळीस वर्षांची सवय केली. दर हाताला बोटभर उचललं, रोज थोडं, आणि त्याला स्वतःला पत्ता लागला नाही.

तिनं देवधरसाहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, काम थांबव, मी येतो. तोवर ओढ्याच्या बाजूची टोळीही येऊन उभी राहिली होती. रुपालीनं सगळ्यांसमोर आकडे वाचले. वाचावेच लागले.

"भिकाजीभाऊ," बजरंग हसत म्हणाला, "विहीर ढगाला लावायची व्हती का?"

पोरं हसली. विक्की हसला नाही, पण तो बजरंगच्या टोळीत उभा होता, आणि भिकाजीनं ते बघितलं.

"चूक माझी आहे," रुपाली म्हणाली. "दोन महिने मी इकडं लेव्हल लावली नाही."

भिकाजीनं पहार भिंतीला टेकवली, हात झटकले आणि रस्त्यानं वर चालायला लागला. एकशे ऐंशी फूट तो चढून गेला, मधे कुठंही थांबला नाही.

देवधरसाहेब दुपारी आले. तळ खाली उतरवता येईल, ते म्हणाले, दहाबारा दिवसांचं काम. पण लालाखालच्या सहा मीटरना लोखंडी कमानींचा आधार लागेल, त्या कारखान्यातून बनवून यायला महिना जाईल. आज अठ्ठावीस एप्रिल. हिशोब कोणालाच सांगावा लागला नाही.

त्या संध्याकाळी भिकाजी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. दारात बसून राहिला. नथू येऊन गेला, विक्की काहीतरी बोलू लागला तर त्याच्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. येसूबाईनं सगळं उरकलं आणि मग ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"चाळीस वरसं," भिकाजी म्हणाला. "येक विहीर ढासळली न्हाई माजी."

"ही विहीर न्हाई."

"समद्यांच्या म्होरं वाचलं पोरीनं."

"मग काय दडवून ठेवायचं हुतं? आन कोनाला फसवायचं हुतं, मला?" येसूबाई म्हणाली. "त्यातनं मीच जानार हाय की नव्हं. ऐका माझं. त्या लालाखालनं मी जानार न्हाई. लोखंड आनतील, आनू दे. त्याची मला वळख न्हाई. तुमी बांधलं तर जाईन."

भिकाजीनं पहिल्यांदाच मान वर केली.

"काय बांधलं तर?"

"मला काय इचारता? विहिरीला लाल लागलं की काय बांधता?"

तो उठला आणि चप्पल न घालताच चालायला लागला.

खाणीत रुपाली आणि देवधरसाहेब पुन्हा मापं घेत होते. भिकाजी आत शिरला, सगळ्यांच्या मधून टोकापर्यंत गेला आणि लाल थराला तळहात लावून उभा राहिला. मग वळून म्हणाला, "रुपा, म्या जास्ती उचललं ते किती म्हनालीस?"

"अर्धा मीटर."

"म्हंजी तळ खाली घेतला की डोक्यावर अर्धा मीटर जागा फुकट ऱ्हाती. तेवड्यात दगडाची कमान बसती. विहिरीचं कडं उभं बांधतो, ते आडवं बांधायचं. सा मीटर. दगूड हितलाच, काळा, घडवून. चुना-शिमिट तुमी सांगाल तसं." मग तो देवधरसाहेबांकडं वळला. "सायेब, वजन पेलंल का न्हाई ते तुमी बघा. बसंल का न्हाई ते म्या बघतो."

देवधरसाहेबांनी तो लाल नखानं खरवडून बघितला. "जुने घाटातले बोगदे असेच उभे आहेत," ते म्हणाले. "रुपाली, गणित कर. जाडी किती लागते ते मला आज सांग."

तिनं तिथंच ढिगाऱ्यावर बसून गणित केलं. पंचेचाळीस सेंटीमीटर जाडी. जागा होती पन्नास. साहेबांनी ते तपासलं आणि काहीच खोडलं नाही.

पुढचे दिवस गावानं बघितले. लालाजवळ सुरुंग चालणार नव्हता, म्हणून तळ पहारीनं, घणानं आणि छिन्नीनं उतरवत आणला. रुपाली आता रोज सकाळी आणि रोज दुपारी लेव्हल लावायची, आणि पट्टी धरायला स्वतः भिकाजी जायचा. "किती?" तो आतून ओरडायचा. "तीन सेंटीमीटर काढा," ती बाहेरून ओरडायची. आणि तो काढायचा. पहिल्या दिवशी टोळीतल्या कोणाला हे बघवलं नाही. तिसऱ्या दिवशी नथू स्वतःच विचारायला लागला, "मॅडम, हितं बरुबर हाय का?" रुपालीला लहानपणी खांद्यावर बसवणारा नथूकाका तो. तिनं त्याला पहिल्यांदा हसून दाखवलं आणि दुसऱ्यांदा नुसता आकडा सांगितला.

बाहेर उन्हात भिकाजीनं लाकडी सांगाडा उभा केला आणि त्यावर लावून बघत कमानीचे दगड एकेक घडवले. दोनशे चौदा दगड. प्रत्येक दगड वर रुंद, खाली अरुंद. त्याच्या उजव्या हाताची कातडी सोलली, येसूबाई हळद-तेल लावून फडकं बांधायची आणि तो सकाळी ते सोडून टाकायचा. बजरंगच्या टोळीचं काम पुढं गेलं होतं, तळाचा उतार लागेपर्यंत त्यांना थांबायचं होतं. एका सकाळी बजरंग छिन्नी घेऊन आला आणि भिकाजीशेजारी बसला.

"शिकव," तो म्हणाला.

"घाटातल्या बोगद्यात शिकवलं न्हाई?"

"तितं समदं मशीनच करत हुतं."

भिकाजीनं त्याच्यापुढं एक दगड सरकवला. बजरंगनं दिवसभरात दीड दगड घडवला, त्यातला अर्धा फुटला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, त्याची पोरंही आली. त्या ढगाच्या चेष्टेबद्दल बजरंगनं माफी मागितली नाही आणि भिकाजीनंही ती मागायला लावली नाही. चहा मात्र दोघांचा एकाच किटलीतून यायला लागला.

सांगाडा बोगद्यात नेला, त्यावर दोन्ही अंगांनी दगड चढत आले आणि कमानीचा मधला, शेवटचा दगड सतरा मेला बसला. तो बसवताना भिकाजी सांगाड्यावर आडवा पडला होता, नाकासमोर लाल थर. दगड अर्धा आत गेला आणि अडला. त्यानं खाली न बघता हात पुढं केला, नथूनं त्याच्या हातात लाकडी हातोडा दिला. चार ठोके. पाचवा मारायची गरज पडली नाही. कमानीच्या आणि लालाच्या मधली फट खडी-सिमेंटनं भरली. आठ दिवसांनी सांगाडा काढला. देवधरसाहेब मुद्दाम पुण्याहून आले होते. ते कमानीखाली जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना म्हणाले, या, इथं उभं राहून चहा पिऊ. प्यायले. त्या दिवशी त्यांनी एवढंच केलं, आणि सगळ्यांना ते पुष्कळ झालं.

सव्वीस मेला दुपारी बजरंगच्या ड्रिलचं टोक भिकाजीच्या समोरच्या खडकातून बाहेर आलं. सगळे ओरडले. मधला पडदा फोडल्यावर रुपालीनं आधी कोणालाही आत जाऊ दिलं नाही. मशीन लावलं, पट्टी धरली. दोन्ही बाजूंच्या तळात फरक निघाला दोन सेंटीमीटर. डावी-उजवीकडं एक. तिनं आकडा मोठ्यानं वाचला. विक्कीनं तिला हेल्मेटसकट उचललं. भिकाजी खाली बसून तो दोन सेंटीमीटरचा ओटा तळहातानं चाचपत होता.

"ह्यो काढून टाकू," तो म्हणाला. "कोनाचा पाय आडकाय नगो."

तिसाव्या तारखेला सुरक्षेचे साहेब आले. आधी त्यांनी कागद बघितले. रुपालीनं अहवालात सगळं लिहिलं होतं: अर्ध्या मीटरची चूक, तिची तारीख, ती का झाली, तपासणी न केल्याची स्वतःची कसूर, आणि कमान. आदल्या दिवशी कैलासशेठ म्हणाला होता, ते चुकीचं पान काढून टाक, कोणाला कळतंय. ती भिकाजीकडं बघत होती. भिकाजी म्हणाला होता, "लिव. चूक बी लिव आन कमान बी लिव." साहेबांनी ते पान दोनदा वाचलं आणि पुढचं उलटलं.

मग चाचणी. खाणीतली आणि टोळ्यांतली मिळून त्रेचाळीस माणसं खाणीच्या तळात आपापल्या जागी उभी राहायची, भोंगा वाजला की बोगद्यातून ओढ्यावर यायचं, दहा मिनिटांत शेवटचं माणूस बाहेर हवं. येसूबाई गेल्या आषाढानंतर पहिल्यांदाच खाली उतरत होती. दुरुस्त केलेल्या रस्त्यावर, तान्हं पोर घरी ठेवून आलेल्या ज्योत्स्नानं तिचा हात धरला होता. 

भोंगा वाजला. साहेब ओढ्याच्या बाजूच्या तोंडाशी घड्याळ घेऊन उभे होते, शेजारी वही घेऊन रुपाली. माणसं येऊ लागली. हसत, एकमेकांना ढकलत, नंतर नीट ओळीनं. विक्की आणि बजरंग स्ट्रेचरवर संदेशला घेऊन आले, कोपरं कुठं घासली नाहीत. सहा मिनिटांत बेचाळीस माणसं. मग कोणी येईना.

सात. आठ. रुपालीनं वही ज्योत्स्नाच्या हातात दिली आणि ती आत धावली.

येसूबाई कमानीखाली उभी होती, डोकं मागं टाकून. एकेका दगडावरून तिची नजर फिरत होती. तिच्यामागं चार पावलांवर भिकाजी थांबला होता, त्या त्रेचाळीसांत नसलेला, नुसता मिस्तरी म्हणून आत आलेला. तोही तिला चल म्हणत नव्हता.

"आई! वेळ चाललाय! चक्कर येतेय का?"

"न्हाई गं. बघतीय."

"बाहेर साहेब घड्याळ लावून उभे आहेत!"

"आसू दे हुबं," येसूबाई म्हणाली.

ती बाहेर आली तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. कैलासशेठनं कपाळावर हात मारला. साहेबांनी घड्याळ बंद केलं.

"बाई, काय झालं आत? पडलात का? अंधार होता का?"

"काय झालं न्हाई सायेब. वाट चांगली हाय."

"मग थांबलात का? तुमच्यामुळं चाचणी नापास झाली."

येसूबाईनं पदर डोक्यावर सारखा केला. "सायेब, म्या तितं खाली नऊ तास हुते, कमरेयवढ्या पान्यात. ही वाट माझ्या लेकीनं काढली आन वरचा दगूड माझ्या मालकांनी बांधला. मला पाच मिन्टं बघू द्या की. म्या पुन्यांदा पळते. म्हनाल तितक्यांदा पळते."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग अहवालातल्या त्या चूक लिहिलेल्या पानाकडं, मग घड्याळ शून्यावर आणलं.

"पुन्हा खाली जा सगळे," ते म्हणाले.

माणसं कुरकुरत, हसत पुन्हा आत गेली. पुन्हा भोंगा वाजला. ह्या वेळी येसूबाई सगळ्यांच्या पुढं होती. साडी खोचलेली, हात मोकळे, भिंतीला हातसुद्धा लावलेला नाही, आणि कमानीकडं तिनं बघितलंही नाही. ती उन्हात आली, बाजूला झाली आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यानं मोजायला लागली. दहा. वीस. ज्योत्स्ना सव्वीस. स्ट्रेचर. बेचाळीस तिनं म्हटलं आणि मग स्वतःच्या छातीला बोट लावून त्रेचाळीस म्हटलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. पाच मिनिटं चाळीस सेकंद.

त्यांनी तिथंच दगडावर कागद ठेवून सही केली. टाळ्या वाजायला लागल्या, आणि त्या चालू असतानाच बोगद्यात आणखी एक माणूस येताना दिसलं. भिकाजी. आत कोणी राहिलंय का ते कोनाडे बघत बघत तो सगळ्यांच्या मागून येत होता. चाळीस वर्षं जमिनीच्या पोटात काढलेला माणूस, चालताना आपसूक वाकलेला, डोकं खांद्यांत घातलेलं.

"आबा," रुपाली तोंडाशी उभी राहून म्हणाली, "वाकू नका. डोकं लागत न्हाई. म्या मोजलंय."

भिकाजी थबकला. त्यानं वर हात करून छत चाचपलं, हात खाली घेतला, आणि तिथून पुढं तो ताठ चालत बाहेर आला.